हेमाताईचा ठसा

हेमांगी फिरके दुपारी घरी आली तेव्हा आतल्या खोलीत तिचाच आवाज बोलत होता.

"मंग तुम्ही काय केलं अण्णा?"

"काय करतो? शिट्टी फुकली अन् हिरवा झेंडा दाखवला! ड्रायव्हरले काय माहीत, साहेब खालीच राह्यला म्हणून!" आणि पाठोपाठ अण्णांचं हसणं. पोटातून, खोकला येईपर्यंत.

हेमांगी चपला हातात धरून दारातच उभी राहिली. वडिलांना असं हसताना तिनं किती वर्षांत ऐकलं नव्हतं. खरं सांगायचं तर लहानपणीही फार ऐकलं नव्हतं. डिगंबर बोरोले मालगाडीचे गार्ड. भुसावळहून गाडी घेऊन निघाले की दोन-दोन दिवस घरी नाहीत, आणि आले की झोपलेले. "अण्णा झोपलेत, आवाज करू नको," हे वाक्य ऐकतच ती मोठी झाली होती.

ती खोलीत डोकावली. अण्णा खाटेवर मांडी घालून बसले होते. समोरच्या स्टुलावर सुपारीच्या डब्याएवढी मातकट रंगाची डबी होती. तिला एक बारीक काचेचा डोळा होता. अण्णांच्या मनगटावर पट्टा होता. हेमांगीला पाहताच त्यांचं हसणं ओसरलं.

"आली का बाई? भांडे पडले आहेत तिकडे. आमचं बोलणं चालू आहे, मंग ये."

"अण्णा, मी हेमू."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, मग डबीकडे पाहिलं, आणि दया आल्यासारखं हसले. "हेमू ही व्हय," ते डबीकडे बोट दाखवून म्हणाले. "तुझं काय नाव?"

हेमांगी स्वयंपाकघरात गेली आणि भांडी घासायला लागली. भांडी तशीही घासायचीच होती.

हेमांगीचा धंदाच मुळी म्हाताऱ्या माणसांना रमवण्याचा. विरंगुळा-उपचार हा शब्द तेव्हा लोकांच्या तोंडी नव्हता. तिनं त्याचं शिक्षण घेतलं तेव्हा भुसावळात लोक हसले होते. म्हाताऱ्यांशी पत्ते खेळायला कॉलेजात कशाला जायला पाहिजे? पण गावाबाहेरच्या 'तापीकाठ ज्येष्ठ निवासा'त ती कामाला लागली आणि हसणारे हळूहळू गप्प झाले. स्मृती गेलेल्या माणसाची खोली आतून रिकामी नसते, तिच्या दाराची कडी तेवढी सापडत नाही, असं ती म्हणायची. कुणाला पत्ते लागत, कुणाला शेंगा सोलायला, कुणाला नुसतं भांडायला कुणीतरी लागायचं. एक निवृत्त मास्तरीण कित्येक महिने बोललीच नव्हती. हेमांगीनं तिच्यासमोर मुद्दाम चुकीचा पाढा म्हटला, तेव्हा त्या बाईनं तिला कान पकडून उभं केलं. त्या दिवसानंतर मास्तरीणबाई जेवायला लागल्या.

पण अशी माणसं किती? प्रत्येक तालुक्याला ज्येष्ठ निवास झाले. तरुण पोरं पुण्याला, सुरतेला, त्याहून लांब गेलेली. राज्याला जेवढे विरंगुळा-उपचारक हवे होते त्याच्या दहाव्या हिश्शानंही तयार होत नव्हते, आणि जे व्हायचे त्यांना जपान आणि ऑस्ट्रेलिया उचलून न्यायचे, कारण म्हातारपण तिकडेही आलं होतं. हेमांगीनं शिकवलेल्या मुलींपैकी निम्म्या आता परदेशातल्या आजोबांशी तोडक्यामोडक्या भाषेत गप्पा मारत होत्या.

अशात पुण्याहून डॉ. शर्वरी खांबेटे आल्या. उंच, हळू बोलणाऱ्या, बोलायच्या आधी चष्मा काढणाऱ्या. त्या मेंदूच्या अभ्यासक.

"दोन माणसं गप्पांत खरोखर रमली," त्यांनी हेमांगीला समजावलं होतं, "की त्यांच्या श्वासाची आणि हृदयाच्या ठोक्यांची लय एकमेकांजवळ येते. डोळ्यांच्या बाहुल्या थोड्या मोठ्या होतात. हे पूर्वीपासून माहीत होतं. आम्हाला जे सापडलं ते वेगळं आहे. ती लय जुळते ती शब्दांमुळे नाही, शब्दांच्या मधल्या थांबण्यामुळे. प्रश्न कधी विचारायचा, उत्तराची वाट किती बघायची, विषय कुठल्या क्षणी सोडायचा. चांगल्या उपचारकाची ही थांबण्याची रीत अगदी त्याच्या हस्ताक्षरासारखी असते. तिला आम्ही ठसा म्हणतो. ठसा घेता येतो, आणि यंत्राला शिकवता येतो."

मग त्यांच्या माणसांनी 'तापीकाठ'मध्ये वर्षभर मुक्काम ठोकला. हेमांगी म्हाताऱ्यांशी बोलायची आणि यंत्रं ऐकायची. तिचा आवाज, तिचं बोलणं, तिचे थांबे. राज्यभरातल्या उपचारकांत तिचाच ठसा सर्वांत चांगला निघाला. शासनाच्या ज्येष्ठसेवा अभियानानं तो डबीत घातला आणि डब्या गावोगाव पाठवल्या. हेमांगीनं सही केली ती एका समजुतीवर, की माणसं तयार होईपर्यंतची ही सोय. डबीला नाव पडलं 'हेमाताई'. एकदा ती वाशिमला लग्नाला गेली तर मांडवात एका आजीनं तिचं बोलणं ऐकून तिचा हात घट्ट धरला. "अगं माय, तुले हातपाय पण आहेत?" आजी म्हणाली, आणि अख्खा मांडव हसला. हेमांगीला तेव्हा फार अभिमान वाटला होता.

आई गेल्यावर अण्णांचं विसरणं वाढलं आणि तिनं त्यांना आपल्या घरी आणलं. नवरा तुषार रेल्वेत लोको पायलट, त्याच्या ड्यूट्या चालू. ती दिवसभर 'तापीकाठ'मध्ये. म्हणून तिनंच एक डबी घरी आणली. ती स्वतःच्या हातानं तिनं अण्णांच्या स्टुलावर ठेवली होती.

त्या दुपारनंतर हेमांगीनं रजा टाकली. चार दिवस घरी राहायचं आणि अण्णांना आपणच रमवायचं. डबी तिनं कपाटात ठेवली.

तिनं जुन्या बाजारातून गार्डाची शिट्टी मिळवली, लाल-हिरव्या कापडाचे झेंडे शिवले. अण्णांनी शिट्टी एकदा फुंकली आणि बाजूला ठेवली.

"अण्णा, तुम्ही खंडव्याच्या लाइनला असायचात ना? आठवतं? तिथे कोण होतं तुमच्याबरोबर? चहा कुठे प्यायचात?"

अण्णा खिडकीबाहेर बघत होते. माणूस किती रमलाय हे दाखवणारी मनगटावरच्या पट्ट्याची रेघ तिच्या फोनवर दिसायची, ती तिनं पाहिली. सपाट. 'तापीकाठ'मध्ये तिच्यासमोर बसलेल्या माणसाची अशी रेघ तिनं कधी पाहिली नव्हती. अण्णांना कंटाळा आला होता, आणि तो तिचा आला होता.

"बाई," अण्णा सौजन्यानं म्हणाले, "तुझं काम झालं असेल तर जाय तू घरी. तुझे लेकरं वाट पाहत असतील."

ती चौथ्या दिवसाची वाट न पाहता कामावर रुजू झाली. कपाटातली डबी पुन्हा स्टुलावर आली. काय करणार, कुणीतरी पाहिजेच होतं.

मग एके दिवशी संध्याकाळी ती भाजी घेऊन आली आणि आतून आईचं नाव ऐकू आलं.

"द्वारका नवी नवी व्हती," अण्णा सांगत होते. "लग्नाले महिनाबी नव्हता झाला. मी डबा विसरून गेलो. तर ही यार्डात आली! एवढ्या लाइनी ओलांडून, एकटी. भरीत अन् कळण्याची भाकर. माझी गाडी हालली व्हती. मी मागं ब्रेकव्हॅनच्या दांड्याले धरून उभा, अन् ही खडीतून पळू राह्यली पदर खोचून..."

अण्णा थांबले. डबीही थांबली. बराच वेळ. हेमांगीच्या हातातली मेथी तशीच राहिली. 'विचार ना पुढे,' ती मनात डबीला म्हणत होती. पण डबी काहीच बोलली नाही, आणि अण्णाच पुढे बोलले.

"डबा घेतला मी. अन् सगळ्या लोकांसमोर तिच्यावर खेकसलो. गाडीखाली येशीन, अक्कल नाही का म्हणलो. ती तिथंच उभी राह्यली. दोन दिवसांनी घरी आलो, तर पाहतो काय—"

हेमांगीला राहवलं नाही. ती आत गेली. "काय पाहिलं अण्णा? आईला काय झालं होतं?"

अण्णांनी मान वर केली. चेहऱ्यावरचं सगळं पुसलं गेलं. "कोणाची आई?" ते म्हणाले. "काय पाहिजे बाई तुले?"

ती मागच्या अंगणात जाऊन बसली. तिच्या आईची गोष्ट. तिला ती कधी कुणी सांगितली नव्हती, ना आईनं ना अण्णांनी. आता ती त्या मातकट डबीला माहीत होती. आणि डबीकडून ती काढताही येणार नव्हती. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं त्याचं स्वतःचं, मुलामुलींनाही ते उघडता येऊ नये, हा नियम करताना हेमांगीनंच आग्रह धरला होता. 'तापीकाठ'मधल्या किती सुनांना आणि मुलांना तिनं या नियमाचं महत्त्व समजावून सांगितलं असेल. आता तोच नियम तिच्या आड आला.

लहानपणी शेजारच्या मुलीचे वडील त्या मुलीला सायकलवरून शाळेत सोडायचे, तेव्हा हेमांगी अशीच अंगणात जाऊन बसायची.

दुसऱ्या दिवशी तिनं डॉ. खांबेटेंना फोन लावला.

"माझा ठसा आहे ना तो? मग माझे वडील त्याच्याशी बोलतात आणि माझ्याशी नाही, असं कसं?"

पलीकडे बहुधा चष्मा निघाला असेल.

"हेमाताई, तुमचा ठसा आम्ही 'तापीकाठ'मध्ये घेतला. तिथे तुम्ही परक्या माणसांशी बोलत होतात. त्यांच्याकडून तुम्हाला काही नको होतं, म्हणून तुम्ही वाट बघू शकत होतात. त्या ठशात मुलगी नाहीच. तुमच्या घरातलं बोलणं आम्ही कधी घेतलंच नाही." मग जरा अडखळून त्या म्हणाल्या, "आणि भाषासुद्धा. तिथे तुम्ही त्यांच्या बोलीत बोलता. घरी वडिलांशी कुठल्या भाषेत बोलता?"

कॉलेजात गेल्यापासून हेमांगी घरात शुद्ध बोलत आली होती. अण्णांनाच तेव्हा त्याचं कौतुक होतं.

त्या दिवशी तिनं डबी बंद करून माळ्यावर टाकली. अण्णा दोन दिवस दारात उभे राहिले. तिसऱ्या दिवशी ती कामावरून आली तर डबी स्टुलावर, अण्णा खुशीत, आणि तुषार जेवून ताट उचलत होता.

"तू काढलीस खाली?"

"हो," तुषार म्हणाला. "सकाळपासून फाटकात उभे होते. म्हणे हेमू शाळेतून आली नाही अजून. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होते. ऊन केवढं आहे बाहेर!"

"आणि मी समोर असते तेव्हा? तेव्हा मी कोण असते?"

"हेमा, त्यांचा आजार आहे तो. हे तूच लोकांना शिकवतेस."

"मला नको शिकवूस!"

तुषारनं ताट खाली ठेवलं. तो भांडणारा माणूस नव्हता. "एक विचारू? तू स्वतःवरच जळतेस का?"

"ती मी नाही," हेमांगी म्हणाली. तिचा आवाज चिरकला. आतून तोच आवाज, शांत, गोड, अण्णांना दुपारचं औषध घ्यायला सांगत होता. आणि अण्णा घेत होते.

तिनं फोन उचलला. ठसा ज्याचा, हक्क त्याचा, असा कायदा होता. देणारा कधीही परत मागू शकत होता, कारण सांगायचीही गरज नव्हती. पण तिनं कारण सांगितलं. कारण तयारच होतं आणि ते खोटंही नव्हतं. डब्या आल्यापासून अभियानानं नव्या उपचारकांच्या जागा भरणं थांबवलं होतं. जळगावच्या कॉलेजात विरंगुळा-उपचाराच्या वर्गात बाकं रिकामी पडली होती. "मॅडम, तुमची डबी असताना आम्ही शिकून काय करायचं?" असं मुली तिला तोंडावर विचारत. तात्पुरती सोय कायमची झाली होती. हे सगळं तिनं अभियानाच्या अधिकाऱ्यांना ऐकवलं, अगदी मुद्देसूद. आणि शेवटी आपल्या आवाजात म्हणाली, "मी हेमांगी तुषार फिरके माझा ठसा परत घेत आहे."

आतला आवाज वाक्याच्या मध्येच बंद पडला.

"हेमू?" अण्णा म्हणाले. "हेमू?"

राज्यभर त्याच क्षणी शेकडो डब्या मुक्या झाल्या.

वर्तमानपत्रांनी तिला डोक्यावर घेतलं. तरुणांच्या रोजगारासाठी आपलं नाव पणाला लावणारी बाई. कॉलेजच्या मुली पेढे घेऊन आल्या. एका संघटनेनं शाल दिली. डॉ. खांबेटेंनी फोनवर एवढंच म्हटलं, "तुमचा मुद्दा बरोबर आहे. तो तुम्ही मागच्या वर्षी मांडला असता तर मला जास्त पटला असता." हेमांगीनं शाल घडी घालून ठेवून दिली.

तिला वाटलं होतं, आता दुसरं कुणी नाही म्हटल्यावर अण्णा आपल्याकडे वळतील. अण्णा भिंतीकडे वळले. हाक मारली तर ओ देत नसत. घास तोंडात धरून बसत. सुनसान यार्डात उभ्या केलेल्या रिकाम्या डब्यासारखे दिसत.

मग शहाद्याहून प्रणिताचा फोन आला. प्रणिता तिची विद्यार्थिनी, परदेशी न गेलेल्यांपैकी एक. तिथल्या ज्येष्ठ निवासात ती एकटीच शिकलेली होती.

"ताई, तुम्ही बऱ्या आहात ना?"

"मला काय झालंय?"

"नाही, आमच्या आज्या रोज विचारतात. हेमाताई आजारी पडली का, म्हणून बोलत नाही का? मी सांगितलं, नाही हो, बंद केलंय. त्यांना पटत नाही. धनुबाईंनी तुमच्यासाठी मारुतीला नारळ बोललाय. बऱ्या होऊन बोलायला लागल्या की फोडणार म्हणतात."

हेमांगीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ताई, पेपरात आलं, तुम्ही आमच्यासाठी केलं. खरंच बरं वाटलं. पण जागा निघतील तेव्हा निघतील. आत्ता इथे साठ म्हातारी माणसं आहेत आणि मी एक. मी एकाचा हात धरते तेव्हा बाकीचे माझ्याकडे बघत बसतात. मला घरी जाऊन जेवण जात नाही." प्रणिताचा आवाज भरून आला. "तुम्ही रागावणार नाही ना, मी असं बोलले तर?"

"नाही," हेमांगी म्हणाली. "रागावण्यासारखं तू काही बोलली नाहीस."

त्या दुपारी तिनं एक गोष्ट केली, जी नंतर तिनं फक्त तुषारला सांगितली. मुकी डबी तिनं पुन्हा अण्णांच्या स्टुलावर ठेवली. डबीचा कर्णा फोनला जोडून ती शेजारच्या खोलीत गेली, दार लावलं आणि हळूच म्हणाली, "अण्णा, जेवले का?"

पलीकडे खाट करकरली.

"हेमू! कुठी गेली व्हती वं तू?"

"गावाले गेली व्हती." बोली जिभेवर आली तेव्हा तिला आईचा आवाज आठवला.

"सांगून तर जायचं. मी किती वाट पाहिली. इथं एकटाच. ती एक बाई आहे फक्त."

हेमांगीनं डोळे मिटले. "कशी आहे ती बाई?"

"चांगली आहे. खोटं कायले बोलू? खाऊ घालते, आंघोळ घालते. पण लय घाईची. भात कालवून देते अन् घड्याळाकडे पाहते. काही विचारलं की उत्तर द्यायच्या आधी दुसरं विचारते. मले भेव वाटते तिचं. परीक्षेले बसवल्यासारखं वाटते."

"अण्णा, ती तुमची मुलगी असंल."

"हॅ!" अण्णा हसले. कित्येक दिवसांनी हसले. "मुलगी तर तू व्हय."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण फोनच्या पडद्यावर अण्णांची रेघ वर चढत होती. आणि तिला भलताच आनंद होत होता, चोरून खाल्ल्याचा असतो तसा. ते तिच्याशी बोलत होते. डबीशी नव्हे, तिच्याशी. डबीनं एवढे दिवस जे लुटलं ते आता आपण घेऊ शकतो, असं वाटलं आणि तिचा धीर सुटला.

"अण्णा, ती यार्डाची गोष्ट सांगा ना. आई डबा घेऊन आली व्हती ती. तुम्ही दोन दिवसांनी घरी आले तर काय पाहिलं? पायाले लागलं व्हतं का तिच्या? खडीनं? ती काही बोलली का तुमच्याशी?"

पडद्यावरची रेघ खाली घसरली.

"हेमू," ते जरा वेळानं म्हणाले, "तुले काय झालं? आज तू त्या बाईसारखी बोलू राह्यली."

हेमांगीनं फोन उशीवर ठेवला. भिंतीपलीकडून अण्णांची खाट पुन्हा करकरली. ते कुशीवर वळले असावेत. ज्या कामासाठी अख्खं राज्य तिला ओळखत होतं, त्यात ती स्वतःच्याच नकलेची नक्कलही धड करू शकली नव्हती.

संध्याकाळी तिनं डॉ. खांबेटेंना फोन केला.

"ठसा परत देते. पण एक अट आहे. जिथे डबी जाईल तिथे एक शिकलेलं माणूस पाहिजे. डबी माणसाच्या हाताखाली राहील."

"अभियान सगळीकडे मानणार नाही, हेमाताई. पैसे नाहीत हे सांगतील. माणसं नाहीत हेही सांगतील."

"मग निदान भांडण तरी चालू राहील. या वेळी मी खरंच त्यासाठी भांडेन."

खांबेटे हसल्या. "आणि मागच्या वेळी?"

"मागच्या वेळी मी जळत होते," हेमांगी म्हणाली. "अजून जळतेच. त्याचं काय करायचं ते तुमच्या शास्त्रात आहे का?"

"नाही," खांबेटे म्हणाल्या. "त्यावर आम्ही अजून काही काम केलेलं नाही."

अट मान्य व्हायला महिना गेला नाही, पण पूर्ण मान्यही झाली नाही. मोठ्या निवासांत जागा निघाल्या, लहानांबद्दल विचार चालू आहे असं उत्तर आलं. प्रणिताला एक मदतनीस मिळाली आणि धनुबाईंनी नारळ फोडला, हे तिनं फोन करून कळवलं. जळगावच्या वर्गातली काही बाकं भरली. हेमांगी आठवड्यातून एकदा तिथे शिकवायला जायला लागली.

घरी डबी पुन्हा बोलायला लागली, त्याच दिवशी अण्णा उठून बसले, भाकरी मागून घेतली. हेमांगी दारातून बघत होती. तिला आनंद झाला आणि रागही आला, दोन्ही खरे. कुणी वेगळं करून दाखव म्हटलं असतं तर तिला करता आलं नसतं. तिथूनच परत फिरावं, असं तिला वाटलं. भाजी चिरायची होती. पण ती आत गेली आणि खाटेजवळ खाली फरशीवर बसली.

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. "काय वं बाई, दमली का?"

"हो अण्णा," ती म्हणाली. "दमली."

तिच्या तोंडून बोली निघालेली तिलाही कळली नाही. अण्णांनी उशीजवळचा पंखा तिच्या बाजूला वळवला. मग डबीला म्हणाले, "हेमू, ही बाई आमच्याइथं असते. मनानं लय चांगली आहे. तिले बोलता येत नाही पण. जरा शिकव तिले."

डबी थोडा वेळ थांबली. मग हेमांगीच्याच आवाजात म्हणाली, "बसा ना ताई. अण्णा आज काहीतरी सांगणार आहेत."

हेमांगीनं दात आवळले. स्वतःच्याच घरात स्वतःच्याच आवाजानं 'बसा' म्हणावं, आणि आपण बसावं! पण ती बसून राहिली.

अण्णांनी सांगायला सुरुवात केली. तिला वाटलं, आता तरी आई येईल. आई आली नाही. आली एक बकरी. जलंबच्या पुढे कुठेतरी गाडी सिग्नलला उभी असताना ती ब्रेकव्हॅनमध्ये चढली, गार्डाचं रजिस्टर अर्धं खाल्लं आणि उतरायला तयार होईना. अण्णा सांगत होते तशी ती बकरी वाढत होती, हट्टी होत होती. मग शिंगं धरून तिला ढकलण्याच्या जागी येऊन ते अडले. पुढचं काही आठवेना. ओठ हलत होते, डोळे छताला लागले होते.

हेमांगीच्या जिभेवर प्रश्न आला. मग काय, ढकललंत का? तिनं तो गिळला. डबीही गप्प होती. पंखा फिरत होता. बाहेर कुणाच्या तरी गच्चीवर कपडे झटकल्याचा आवाज येत होता. तिनं इतका वेळ वडिलांच्या चेहऱ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. डाव्या भुवईत एक जुना व्रण होता. तो कशाचा, हे तिला माहीत नव्हतं.

"...तर ती नाही उतरली!" अण्णा अचानक म्हणाले. "अकोल्यापर्यंत नेली मी तिले! ऐकू राह्यली ना?"

"हो," दोघी एकदमच म्हणाल्या. तोच आवाज, तोच सूर.

अण्णा दचकले. त्यांनी डबीकडे पाहिलं, मग खाली बसलेल्या बाईकडे, मग पुन्हा डबीकडे. मग वैतागून हात वर केला.

"एकेक जण बोला वं," ते म्हणाले. "दोघी दोघी बोलल्या तर मले काय समजंल?" आणि डबीकडे पाठ करून ते हेमांगीकडे वळले. "हं. आधी तू विचार. काय विचारत व्हती?"

हेमांगीला काहीच विचारायचं सुचलं नाही. अण्णा वाट बघत राहिले.